चित्र गेलेल्या टीव्हीची हजेरी

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. साल पक्कं आठवायचं कारण असं, की त्या वर्षी जानेवारीत ऑपरेटरबाईंच्या टीव्हीचं चित्र गेलं. टीव्ही गेला नाही, नुसतं चित्र गेलं. सव्वीस वर्षं इमाने इतबारे चाललेला, लाकडी शटरचा तो टीव्ही एका संध्याकाळी बातम्या देता देता आधी हिरवा झाला. मग मधोमध एक पांढरी रेघ उरली, रेघेचा ठिपका झाला आणि शेवटी ठिपकाही विझला. बातम्या देणारी बाई मात्र अंधारातून उद्याचं हवामान सांगतच राहिली.

ऑपरेटरबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले होते. ज्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत अशा शेकडो माणसांची सुखदुःखं त्यांना आवाजावरून ठाऊक होती. त्यांचे यजमान कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकाजवळच्या खिडकीत बसून चौतीस वर्षं त्यांनी कामगारांची हजेरी लावली. आठ वाजून एक मिनिट झालं की कार्डावर लाल गोल, म्हणजे उशीर. आणि एकाचं कार्ड दुसऱ्यानं पंच केलं तर लाल फुली. गोलाला पगारकपात होती, फुलीला घरचा रस्ता. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेना, म्हणून ते दूधवाल्याची आणि पेपरवाल्याची हजेरी लावत. एका महिन्यात तीन लाल गोल मिळाल्यावर दूधवाल्यानं बाईंना हळूच विचारलं होतं, "मी साहेबांना काही देणं लागतो का?"

टीव्ही दुरुस्त करणारे मास्तर आले, त्यांनी मागचं झाकण काढलं आणि धुळीनं चार वेळा शिंकले. पिक्चर ट्यूब गेली, अशी ट्यूब आता संग्रहालयातच मिळेल, असं त्यांनी सांगितलं. जाताना, "लाकूड चांगलं आहे, कपाट होईल," असा सल्लाही दिला. तो बाईंना फार लागला. कारण तो टीव्ही म्हणजे इमारतीतला पहिला टीव्ही. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत तीस-तीस माणसं बसत, उरलेली दारात उभी राहत, चपला-बुटांची रांग जिन्याच्या वळणापर्यंत जाई. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई काजं करायचे कपडे मांडीवर घेऊन येत. टाइमकीपर मनगटावरचं घड्याळ बघून बरोबर ठोक्याला शटर उघडत आणि कार्यक्रम संपला की बंद करत. मग घरोघरी टीव्ही आले, खोलीखोलीत आले, शेवटी ज्याच्या त्याच्या तळहातावर आले. जिन्यातल्या चपला संपल्या. शेजारी आता फक्त लिफ्ट बंद पडली की भेटत.

नवा टीव्ही घ्यायला टाइमकीपर तयार नव्हते. असलेली वस्तू अर्धी चालू असताना दुसरी घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. आवाज येतोय ना, मग.

मार्चमध्ये बाईंची भाची आली. ती बँकेत होती आणि तिच्या फोनमध्ये नसलेली सोय जगात नव्हती. तिनं काकांच्या नव्याकोऱ्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं. फोन टीव्हीसमोर ठेवायचा, बटण दाबायचं. फोन टीव्हीचा आवाज ऐकतो, कुठला कार्यक्रम चालू आहे ते ओळखतो आणि दर मिनिटाला एक पॉइंट देतो. साठ हजार पॉइंट झाले की नवा बत्तीस इंची टीव्ही घरपोच.

टाइमकीपरांनी चष्मा पुसला. "बसून राहायचा मोबदला आमच्या कारखान्यात फक्त मॅनेजरला मिळायचा."

पण पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला गेला. रोज पाच तास, रजा न घेता, दोनशे दिवस. आकडा बाईंनी खांद्यावरून वाकून पाहिला आणि त्यांना नव्या टीव्हीपेक्षाही आधी जिन्यातल्या चपला दिसल्या. तेवढ्यात टाइमकीपरांनी पाकीट उलटं ठेवलं.

"पण आपण टीव्ही बघतो कुठे? ऐकतो. बघितल्याचे पॉइंट ऐकून घ्यायचे, ही खोटी हजेरी झाली."

"काका, फोनला कुठे डोळे आहेत?"

"मला आहेत," टाइमकीपर म्हणाले.

त्यांनी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. आमच्या संचाचे चित्र बंद असून ध्वनी सुरू आहे, तरी अशा स्थितीत उपस्थिती ग्राह्य धरली जाईल किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. भाचीनं ते मुकाट्यानं टाइप करून पाठवलं. एका मिनिटात उत्तर आलं, की आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आवडल्यास आम्हाला पाच तारे द्या. टाइमकीपरांनी चार दिले. एक खुलासा न आल्याबद्दल कापला.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. टीव्हीवर काय दिसत असेल ते ऑपरेटरबाईंनी सांगायचं. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं, म्हणजे पाहिलं असं धरायचं. हा निर्णय त्यांनी शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली सही केली.

आणि बाईंना ते जमलं. नुसतं जमलं नाही, त्यात त्या रंगल्या. त्यांना आवाजावरून माणूस बसलाय की उभा आहे ते कळे, खोली लहान की मोठी ते कळे, बोलणाऱ्याच्या शेजारी कोणी न बोलणारा उभा असला तर तोही कळे. सात वाजता एका मोठ्या घराची मालिका लागायची. त्यात एक सासू, एक सून आणि तीन वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला दीर. पहिल्याच दिवशी सासूनं जेमतेम एक वाक्य म्हटलं आणि बाईंनी डोळे मिटले.

"उंच आहेत. राखाडी रेशमी कपडे. जिना उतरताहेत, हात कठड्यावर. गुडघा दुखतोय, पण दाखवत नाहीत. खाली सून आहे, तिनं पाठ फिरवलीय."

टाइमकीपरांनी वहीत वेळ टाकली आणि पुढे लिहिलं, 'पाहिले'.

आता शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही, कारण भिंती पातळ आणि बाईंचा आवाज एक्स्चेंजचा. समोरचे विमावाले आधी दारात उभे राहिले. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल सल्ला होता. फोन रिकाम्या पातेल्यात ठेवा, आवाज घुमतो, पॉइंट जास्त पडतात. तो पातेल्यात ठेवला, तर फोननं मालिकेला घोड्यांच्या शर्यतीचं प्रक्षेपण समजून नोंद केली. टाइमकीपरांनी ते पंचवीस पॉइंट वहीत नाकारले. दोन दिवसांनी शिंपीणबाई गुंड्या लावायचे शर्ट घेऊन आल्या. मग तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, मग त्यांच्या आईसाहेब. एप्रिल संपेपर्यंत बंद पडद्यासमोर संध्याकाळी चौदा माणसं बसू लागली. घरी प्रत्येकाकडे भिंतभर टीव्ही होता, तरी.

"आमच्याकडे दिसतं हो सगळं," शिंपीणबाई म्हणाल्या, "पण कळत काही नाही."

बाईंनी त्या रात्री जिन्यात डोकावून चपला मोजल्या.

घोटाळा झाला तो इथून पुढे. सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये तेच अॅप घेतलं. टाइमकीपरांनी नियम सांगितला, की माणूस हजर तर फोन हजर, माणूस नाही तर फोनही नाही. कोणाचा फोन ठेवून घ्यायचा नाही. नियम चोख होता. पण मे महिन्यात शिंपीणबाईंकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून बाईंच्या हातात फोन सरकवला. तुम्ही फक्त टीव्हीजवळ ठेवा, साहेबांना कशाला सांगायचं. आता, नंबर जोडून द्या म्हणणाऱ्याला नाही म्हणणं ऑपरेटरबाईंना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं. त्यांनी तो फोन टीव्हीच्या दुमडलेल्या शटरामागे ठेवला. दुसऱ्या दिवशी विमावाल्यांनी स्वतःचा आणि पत्नीचा असे दोन आणून दिले. जूनअखेर शटरामागे नऊ फोन उभे होते, लहान, मोठे, एकाची काच फुटलेली.

फोन नुसते ठेवून भागत नव्हतं. दर अर्ध्या तासानं प्रत्येक फोन विचारायचा, 'अजून पाहताय ना?' आणि त्यावर बोट लावावं लागे. म्हणून जाहिराती लागल्या की बाई फडकं घेऊन टीव्ही पुसायला उठत. नऊ ठिकाणी बोट टेकवत आणि परत येऊन बसत. टाइमकीपरांना कौतुक वाटे. ते लोकांना सांगत, हिचा जीव आहे त्या टीव्हीवर, जाहिरातीतसुद्धा स्वस्थ बसवत नाही.

एकदा तर दातांच्या डॉक्टरांचा फोन शटरामागे खणखणून वाजला. बाईंनी सवयीनं उचलला आणि पुन्हा सवयीनंच म्हणाल्या, "थांबा, जोडून देते." दाढ दुखणाऱ्या माणसाला त्यांनी गार पाण्यानं चूळ भरायला सांगितलं आणि शटर लोटलं. कोण होतं, असं टाइमकीपरांनी विचारलं. मालिकेतला फोन होता, त्या म्हणाल्या. त्यांनी वहीत तसं लिहिलं. 'सात वाजून बावीस, मालिकेत फोन वाजला.'

वहीतल्या त्या ओळीनं बाईंची झोप उडाली. चेष्टेतली फसवणूक वेगळी, पण त्या माणसानं विश्वासानं लिहून ठेवलेलं खोटं वेगळं. त्यांना फिटर भाऊ आठवत होते. फार जुनी गोष्ट. एका फिटरची बायको बाळंत व्हायची होती. तो इस्पितळात पळाला आणि थोरल्या भावानं त्याचं कार्ड पंच केलं. टाइमकीपरांनी पाहिलं आणि नियमाप्रमाणे फुली मारली. दोघांचीही नोकरी गेली. त्यानंतर दोन दिवस टाइमकीपर जेवले नव्हते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण ताप चढला की आजही ते दोन कार्ड नंबर बडबडत. एकशे बारा, एकशे तेरा. ज्या माणसानं स्वतःच्या मनात इतकी वर्षं सलत असूनही ती फुली खोडली नव्हती, तो बायकोसाठी नियम वाकवेल असं बाईंना वाटत नव्हतं, आणि वाकवावा असंही वाटत नव्हतं. उद्या सांगू, असं त्या रोज ठरवत. उद्या पुन्हा नऊ फोन येत.

एक ऑगस्टला एक्केचाळीस हजार चारशे पॉइंट झाले आणि दुपारी संदेश आला. 'एकाच ठिकाणाहून अनेक फोनची संशयास्पद नोंद आढळल्याने आपले खाते बंद करण्यात येत आहे.'

टाइमकीपरांनी तो उभ्यानं वाचला. चष्मा काढून वाचला, लावून वाचला. मग खुर्चीत बसले.

"संशयास्पद," ते म्हणाले. "मी."

बाई सांगायला पुढे झाल्या. पण तोवर ते उठून पँटला इस्त्री करायला लागले होते. दुसऱ्या दिवशी ते जुन्या ऑफिसच्या पोशाखात, वही पिशवीत घालून कंपनीच्या पत्त्यावर निघाले. पत्ता एका केशकर्तनालयाच्या वरचा निघाला. तिथे एक टेबल, एक पंखा आणि टपालाच्या चाळीस पेट्या. प्रत्येक पेटी म्हणजे एक कंपनी. त्यांची कंपनी सतरा नंबरची पेटी होती आणि तिला कुलूप होतं. पहारेकऱ्यानं नोंदवहीत सही करायला सांगितली. त्या वहीत येणाऱ्यांची वेळ होती, जाणाऱ्यांची नव्हती. टाइमकीपरांनी पट्टी मागून घेतली, नवा रकाना आखला, स्वतःची बाहेर पडायची वेळ टाकली आणि परत आले. दिवसभरात तेवढंच काम झालं. खालच्या न्हाव्यानं मात्र सल्ला दिला, की असल्या कंपन्यांना फोन करावा, त्या तोंड दाखवत नाहीत.

फोन म्हटल्यावर कामगिरी बाईंकडे आली. तिसऱ्या दिवशी दुपारचे साडेतीन वाजले होते. टाइमकीपर समोर वही मांडीवर घेऊन बसले. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज एक दाबा, दोन दाबा, म्हणत राहिला. बाईंनी मत दिलं, की आवाज गोड आहे, पण पलीकडे माणूस नाही. पंचवीस मिनिटं संगीत वाजलं. मग एक खरी मुलगी आली. बाईंना ती लगेच दिसली. दमलेली, खुर्ची उंच, पाय जमिनीला टेकत नाहीत, दुपारचं जेवण राहिलेलं.

मुलीनं नियमाप्रमाणे विचारलं, की नोंदीच्या वेळी आपल्या घरात किती फोन होते.

एक म्हणता आलं असतं. एक म्हटलं असतं तर मुलीनं चौकशी लावली असती, चार आठवडे गेले असते, प्रकरण विरलं असतं. बाईंनी समोर पाहिलं. टाइमकीपर पेनचं टोपण काढून उत्तराची वाट बघत होते, लिहून घ्यायला.

"दहा," बाई म्हणाल्या. "एक यांचा. बाकीचे नऊ मी शटरामागे लपवले होते. यांना माहीत नव्हतं. हे चौतीस वर्षं टाइमकीपर होते, बाळ. खोटी हजेरी माझी आहे. खातं बंद ठेवायचं तर ठेवा. फक्त तो संशयास्पद शब्द यांच्या नावापुढचा काढा."

टाइमकीपरांनी पेनचं टोपण परत लावलं. मग मुलगी हळूच म्हणाली, की खरं सांगणारा फोन तिला आज पहिल्यांदाच आला. मग ती आपल्या साहेबांना विचारून आली. नऊ खाती बंद, मूळ खातं महिन्याभरानं सुरू, आणि शेरा काढून टाकलेला. हे सगळं झाल्यावर तिनं आवाज आणखी खाली आणला.

"आजी, त्या सातच्या मालिकेतला दीर सापडला का? माझी ड्यूटी असते तेव्हा."

"सापडला, पण घरात आलेला नाही," बाई म्हणाल्या. "फाटकाबाहेर उभा आहे. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलंय आणि दिवा मालवला नाही."

फोन ठेवला. टाइमकीपरांनी हातातलं निळं पेन खिशाला लावलं आणि दुसरं काढलं. लाल. वही उघडली, बाईंना दिसणार नाही अशी धरली, सावकाश काहीतरी लिहिलं, शाईवर फुंकर मारली आणि वही मिटली.

"चहा टाक," ते म्हणाले.

बाईंनी टाकला. काय लिहिलं ते विचारायची हिंमत झाली नाही. फुलीला एवढा वेळ लागत नाही, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण चौकशीचा शेरा असेल तर लागतो, हेही त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी कोणी येईना. सगळ्यांच्या फोनवर एकच संदेश आला होता आणि सगळ्यांना लाज वाटत होती. सात वाजायला दोन मिनिटं असताना टाइमकीपरांनी स्वतः दार उघडलं. विमावाले जिन्यात खाली मान घालून किल्ली शोधत होते.

"उशीर होतोय," टाइमकीपर त्यांना म्हणाले. "फोन घरी ठेवून या. वरतीही सांगा."

पाचव्या मिनिटाला चौदाही माणसं हजर होती.

पॉइंट नोव्हेंबरात पुरे झाले आणि नवा टीव्ही खरोखरच आला, आरशासारखा पातळ आणि तसाच चकचकीत. जुन्याला खिडकीखाली सरकवून नवा त्याच्या जागी बसवला. सगळी इमारत जमली, डॉक्टरांच्या आईसाहेब नवी शाल पांघरून आल्या. सात वाजले. पडद्यावर एक बुटकी, गोल, पिवळ्या कपड्यातली बाई तुरुतुरु जिना उतरली आणि ओळखीच्या आवाजात सुनेला बोलायला लागली.

सगळ्यांनी माना पुढे काढून पाहिलं. शेवटी शिंपीणबाईंनी सुई थांबवली.

"ही कोण?"

"सासूबाई," भाची म्हणाली.

"छे. आपल्या सासूबाई नव्हेत या."

विमावाले म्हणाले, हिचा गुडघा मुळीच दुखत नाही, पळतेय कशी बघा. डॉक्टरांनी दात बसवलेले आहेत असं मत दिलं. दीर दिसला तेव्हा तर आईसाहेबांनी तोंडच फिरवलं. असल्या माणसाची तीन वर्षं वाट बघितली याचं त्यांना वाईट वाटलं. ऑपरेटरबाई ओशाळून बसल्या होत्या, जणू इतके दिवस त्यांनी सगळ्यांना चुकीचे नंबर जोडून दिले. तेव्हा टाइमकीपर उठले. पलंगावरची चादर त्यांनी उचलली, नव्या टीव्हीवर नीट, चारी कोपरे सारखे करून टाकली आणि जागेवर येऊन बसले.

"सांग," ते म्हणाले.

ते अॅप पुढच्याच वर्षी बंद पडलं. सतरा नंबरच्या पेटीत म्हणे दुसरी कंपनी आली. शिंपीणबाई लेकीकडे राहायला गेल्या, पण मालिका संपेपर्यंत फोन करून पुढे काय झालं ते विचारत. विमावाल्यांनी नवा टीव्ही चादरीखाली खराब होईल असा सल्ला दिला होता. तो झाला नाही, याचं त्यांना अजून आश्चर्य आहे. डॉक्टरांच्या आईसाहेब त्या मालिकेचा शेवट ऐकून, समाधानानं गेल्या. भाची मोठ्या शाखेत मॅनेजर झाली आणि बसून राहायचा मोबदला मिळतो, असं स्वतःच सांगते. हेल्पलाइनवरच्या मुलीनं ती नोकरी सोडली. दर महिन्याला ती ऑपरेटरबाईंना फोन करते आणि बाई तिला आधी जेवलीस का विचारतात. जुन्या टीव्हीचं लाकूड मास्तरांनी मागितलं होतं. दिलं नाही.

टाइमकीपर दोन हजार एकवीस साली गेले, सकाळी आठच्या आत. महिनाभरानं बाईंनी ती शंभर पानी वही काढली. एक एक पान उलटत गेल्या. पाहिले, पाहिले, पाहिले. मग ऑगस्टचं ते पान आलं. त्यांच्या नावापुढे फुली नव्हती. लाल गोल होता, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'सांगायला उशीर. कारण मान्य.'

त्याच्या खाली, त्याच शाईत, आणखी एक ओळ होती. 'कार्ड ११२ व ११३. यांचेही.'

आणि शेवटी सही, तारीख, वेळ. चार वाजून दहा मिनिटे.